पाठीवरचा करंट नेमका कुठं पोचतो?

(मणक्याच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनावर लातूर इथं दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्याकडं कुणी विहिरीत पडतो, कुणी झाडावरून, कुणी बांधकामावरून. कमरेखालचं अंग जातं. ऑपरेशन झालं की घरचे विचारतात, "पाठीला शॉक दिले तर पाय चालतील का?"

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पाय चालवणारा त्याचा जाडसर भाग जरा वर असतो. म्हणून एक इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारी चकती, पाठीच्या अकराव्या-बाराव्या मणक्यांवर चिकटवतात, दुसरे पोटावर, बेंबीच्या दोन्ही अंगांना. चिरफाड काहीच नाही. करंट कातडीतून, स्नायूंतून पसरतो. आत पोचतो तो थोडाच. त्यानं पहिल्यांदा जाग्या होतात त्या मज्जारज्जूला जोडलेल्या नसांच्या मागच्या मुळांमधल्या जाड नसा, पायाकडची खबर वर नेणाऱ्या. ती खबर मज्जारज्जूतल्या पेशींना मिळते, तेव्हा स्नायू आखडतो. व्हिएन्नाच्या मिनासियन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये माणसांवरच्या प्रयोगांतून हे मांडलं.

याची परीक्षा मला फार देखणी वाटते. ५० मिलिसेकंदांच्या अंतरानं करंटचे दोन ठोके द्यायचे. दुसऱ्या ठोक्याला स्नायूचा प्रतिसाद दबला, तर खबर मज्जारज्जूतून फिरून आली. दोन्ही वेळा सारखाच आला, तर करंट पुढच्या मुळांना, म्हणजे स्नायूंकडं हुकूम नेणाऱ्या नसांना, थेट लागतोय. रुग्ण उताणा की पालथा, यानंही फरक पडतो.

आता आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं. उंचावरून पडलेल्याचा मणका बहुतेकदा पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावर मोडतो, म्हणजे मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाजवळच. तिथल्या पेशी किंवा त्याखालची मुळंच चिरडली असतील, तर पाय लुळा पडतो, मांडी झिजते, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. खबर घेणारंच कुणी उरलेलं नसतं. करंट जागं कुणाला करणार? मार वर बसला असेल, तर पाय ताठरतात, झटके येतात. अशांना स्नायू हलणार नाही इतका हलका, ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० ठोक्यांचा) करंट अर्धा तास दिल्यावर ताठरपणा काही तास कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. मेंदूकडून येणारे थोडे धागे शिल्लक असतील, तर करंट चालू ठेवून व्यायाम करताना हालचालीला मदत होऊ शकते. व्यायामाशिवाय नुसत्या करंटकडून ही आशा धरू नका.

अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या यंत्राची बातमी मोबाइलवर फिरते. ते मानेच्या दुखापतीनंतर हातांसाठी आहे. ६० जणांच्या चाचणीत ७२ टक्क्यांना ताकद आणि वापर दोन्हींत फायदा दिसला. त्या जोरावर पायांसाठी मशीन घ्यायला शेत विकू नका.

संवेदना गेलेल्या कातडीवर भाजलेलं कळत नाही, म्हणून इलेक्ट्रोड काढल्यावर दर वेळी कातडी बघा. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि कुणी मशीन दाखवायला आलं, तर आधी विचारा: पाय ताठ आहे की लुळा, हे कुणी तपासलंय?