व्हिटेकरच्या आकड्यांतला शेवटचा 1

मंडळी, आपल्या लाल मातीत पाठ टेकली की वाद मिटतो. कडेला बसलेल्या पोरालाही कळतं, कोण चितपट झालं. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झाला तर तसंच असतं. पण बारा फेऱ्या संपून दोघंही पायांवर उभे राहिले, की निकाल रिंगणाबाहेर बसलेल्या तीन पंचांच्या कागदावरून लागतो. तो कागद बॉक्सरला जन्मभर चिकटतो.

अमेरिकन बॉक्सर पर्नेल व्हिटेकरचा हिशेब बघा: 40-4-1. चाळीस विजय, चार पराभव, एक बरोबरी. आज मला त्या शेवटच्या 1 बद्दल बोलायचंय.

10 सप्टेंबर 1993, टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ. समोर मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेझ, 87 लढती आणि एकही हार नाही. अलामोडोम स्टेडियममध्ये साठ हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक सगळी चावेझची. व्हिटेकर डावखुरा. उजव्या हाताचा जॅब, म्हणजे झटकन मारलेला सरळ ठोसा, सतत तोंडावर, आणि ठोसा आला की कमरेत वाकून तो खालून निसटणार. चावेझची सगळी ताकद बरगड्यांवर मारलेल्या डाव्या हुकमध्ये, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशात, पण त्याला मारायला माणूसच सापडेना. पुढे-पुढे चालत राहिला चावेझ, ठोसे लागत राहिले व्हिटेकरचे. ही लढत मी पुनःपुन्हा पाहिली आहे, आणि चावेझला सहा फेऱ्या देणं मला एकदाही जमलेलं नाही.

एका पंचाने 115-113 असा कौल व्हिटेकरला दिला. उरलेल्या दोघांनी 115-115. झाली बरोबरी.

इथे जरा थांबून गणित करू. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला साधारणपणे 9. बारा फेऱ्या सहा-सहा वाटल्या तर 114-114 होतात. 115-115 व्हायला किमान दोन फेऱ्या 10-10 अशा बरोबरीत सोडाव्या लागतात. म्हणजे त्या दोघांपैकी एकाने जरी त्यातली एक फेरी व्हिटेकरची मानली असती, तरी त्याच्या कागदावर 115-114 झालं असतं, तिघांपैकी दोन पंचांचा कौल मिळाला असता, आणि चावेझला हरवणारा पहिला माणूस म्हणून व्हिटेकरचं नाव लागलं असतं. एका गुणाचा प्रश्न होता.

असं का होतं? प्रत्येक पंचाला आपल्या बाजूनेच दिसतं, पाठमोऱ्या बॉक्सरचा ठोसा लागला की हातावर अडला हे प्रत्येक वेळी कळत नाही. ठोसा अडला तरी साठ हजार गळे ओरडतात. शिवाय पुढे चालणारा माणूस जिंकतोय असं डोळ्यांना वाटतं, मागे सरकत मारणाऱ्याला त्याचं श्रेय मिळत नाही. लाच वगैरेचा आरोप मी करत नाही, माझ्यापाशी पुरावा नाही. पण भरपाई मात्र कुणीच केली नाही, याचा मला राग आहे.

व्हिटेकरला हा अनुभव नवा नव्हता. 1988 मध्ये पॅरिसजवळ होसे लुईस रामिरेझविरुद्ध त्याची पहिली हार नोंदली गेली, तीही अशीच वादग्रस्त. पुढच्या वर्षी त्याने रामिरेझला स्वच्छ हरवलं. तरी आधीची हार तिथेच राहिली, कारण नवा विजय जुना निकाल पुसत नाही.

आणि चावेझचा तो 87-0? 1981 मध्ये मेक्सिकोतल्या कुलियाकानला मिगेल रुईझविरुद्ध घंटेच्या वेळी ठोसा मारल्याबद्दल चावेझला बाद ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या बॉक्सिंग आयोगाने निकाल फिरवून विजय चावेझला दिला. त्याचा मॅनेजर त्याच आयोगाचा सदस्य होता. निकाल बदलता येतो, मंडळी. कुणासाठी बदलतो, ते पाहावं लागतं.

हे नुसतं मानापमानाचं नाही. पुढची लढत कोणाशी, मानधन किती, पोस्टरवर नाव वर की खाली, हे सगळं या आकड्यांवर ठरतं. प्रतिस्पर्ध्याच्या पराभवांच्या खान्यातलं शून्य पुसणाऱ्याचा भाव एका रात्रीत वाढतो. जानेवारी 1994 मध्ये फ्रँकी रँडलने चावेझला हरवलं आणि तो मान त्याच्या नावावर लागला.

हेवीवेट बॉक्सर लेनॉक्स लुईसचं नशीब जरा बरं. मार्च 1999 मध्ये इव्हँडर होलीफिल्डशी त्याची अशीच बरोबरी झाली, सगळीकडे ओरड झाली, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा लढून त्याने निकाल लावून घेतला. व्हिटेकरला ती संधी मिळाली नाही. चावेझ 2005 पर्यंत लढत राहिला, पण व्हिटेकरसमोर पुन्हा कधी उभा राहिला नाही.