जेल सुटतं, पडदा फाटतो: डोळ्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी

मंडळी, आधी एक घोळ निस्तरून टाकू. डोळ्यात भरलेलं पारदर्शक जेल पडद्यापासून, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या थरापासून (रेटिना), सुटणं ही एक गोष्ट आणि खुद्द पडदाच मागच्या भिंतीवरून सुटणं ही दुसरी. पहिली गोष्ट वय झालं की बहुतेकांना होते आणि बहुतेकांचं त्यात काही बिघडत नाही. दुसरी वेळेवर लक्षात आली नाही, तर नजर जाते. तपासणीच्या खोलीत मी पहिली सांगतो आणि समोरच्याला दुसरीच ऐकू येते. चेहऱ्यावरच दिसतं ते. म्हणून आज बोलायचं आहे ते एवढंच, की पहिलीतून दुसरी कधी उद्भवते.

भिंगाच्या मागे डोळ्याची जी मोठी पोकळी आहे, ती या जेलनं भरलेली असते. साधारण ४ मिलिलिटर. त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच! तरी ते वाहून जात नाही, कारण त्यात कोलॅजन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंची विरळ जाळी असते आणि तंतूंच्या मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारं हायल्युरॉनिक आम्ल असतं. वय वाढतं तशी ही घडी विस्कटते. तंतू एकमेकांना चिकटून गुच्छ होतात, उरलेल्या जागी पाण्याचे कप्पे तयार होतात. ही सुरुवात तरुणपणीच झालेली असते, फक्त आपल्याला पत्ता नसतो. पुढे कधीतरी, बहुधा पन्नाशीनंतर, हे पाणी जेलच्या मागच्या बाजूला शिरतं आणि जेल पुढे आकसत पडद्यापासून सुटतं. मायनस नंबर मोठा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल किंवा डोळ्याला जोराचा मार बसला असेल, तर हे लवकर होतं. एका डोळ्यात झालं की दुसऱ्यातही बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत होतं.

सुटणं एका झटक्यात होत नाही. पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो, त्या भागाच्या आजूबाजूला ते सुरू होतं आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी जेल गोल कडेनं चिकटलेलं असतं. तिथली पकड सुटली की ती कडच एखाद्या कड्यासारखी जेलबरोबर तरंगू लागते आणि माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, काल दुपारपासून डोळ्यासमोर गोल काहीतरी फिरतंय.’ याला वाइस रिंग म्हणतात. मला आत डोकावल्यावर ते कडं दिसतं आणि निदानाला फारशी शंका उरत नाही. बाकी जाळ्या, केस, चिलटं म्हणून जे दिसतं, ते त्या तंतूंच्या गुच्छांच्या पडद्यावर पडणाऱ्या सावल्या. पांढऱ्या भिंतीवर किंवा मोकळ्या आभाळाकडे पाहताना त्या जास्त जाणवतात. नजर थांबली तरी त्या क्षणभर पुढे सरकत राहतात.

आणि काहींना दिसतात त्या प्रकाशाच्या रेघा? पडद्याला वेदना कळत नाही. त्याला कुणी ओढलं तरी त्याची तक्रार एकच असते: उजेड. म्हणून अंधारात मान किंवा डोळा हलवला की कानाच्या बाजूला वीज चमकल्यासारखं वाटतं. फोस्टर मूर या इंग्रज डॉक्टरांनी १९३५ मध्ये या रेघांचं वर्णन केलं आणि त्या निरुपद्रवी मानल्या. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पण ‘बहुतेक’ या शब्दावर डोळे मिटून बसता येत नाही.

कारण काही ठिकाणी जेलची पकड गरजेपेक्षा घट्ट असते. पाकिटाची चिकटवलेली कड उघडताना कधी कागदच सोबत फाटून येतो ना, तसा तिथे पडद्याला चिरा पडतो. मग पातळ झालेलं जेल त्या चिऱ्यातून पडद्यामागे जातं आणि पडदा भिंतीपासून उचलला जातो. लक्षणं घेऊन आलेल्या दहा-पंधरा टक्के लोकांत असा चिरा सापडतो. आत रक्तस्राव झाला असेल तर निम्म्याहून अधिक लोकांत. अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, रेघा वाढतच गेल्या, एका बाजूनं सावली सरकत आली, तर त्याच दिवशी डोळा दाखवा. चष्म्यातून शेवटची ओळ वाचता येतेय, यावर जाऊ नका. चिरा सहसा कडेला असतो, वाचायच्या भागात नाही. एक डोळा झाकून दुसऱ्यानं पाहायची सवयही लावून घ्या. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं सगळं झाकून नेतो.

तपासणीला बाहुली मोठी करणारे थेंब घालावेच लागतात. काही तास धूसर दिसतं, त्यामुळे गाडी चालवत येऊ नका. आम्ही डोळ्याची कड बाहेरून हलकी दाबून पाहतो. सुखद नसतं ते, पण चिरे तिथेच लपतात. पहिल्यांदा काही सापडलं नाही, तरी चार ते सहा आठवड्यांत परत बोलावतो, कारण काही चिरे नंतर पडतात. चिरा सापडला तर त्याच्याभोवती लेसरचे ठिपके देतात. साधारण दोन आठवड्यांत तिथे पक्का व्रण होतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डोळ्यांचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं, की चिरा बंद केला तर सुटलेला पडदा बसवता येतो. त्याआधी पडदा सुटला की डोळा गेल्यातच जमा असे.

‘डोळ्यासमोर तरंगणारे हे ठिपके काढून टाकता येतात का?’ असा प्रश्न आलाय. शस्त्रक्रियेनं जेल काढता येतं, पण त्यात मोतीबिंदू होण्याचा आणि पडदा सुटण्याचा धोका असतो. ठिपक्यांवर लेसर मारण्याची सोयही आहे. मी स्वतः तिची शिफारस क्वचितच करतो. काही महिन्यांत ठिपके खाली सरतात आणि मेंदू त्यांच्याकडे काणाडोळा करायला शिकतो. ज्यांचं वाचन, गाडी चालवणंच अडून बसलंय, त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो आणि तोही चार-सहा महिने थांबून.