पूर, डास आणि कळप : जनावरांतील डासजन्य साथींचे गणित

मित्रहो, डासांमार्फत पसरणाऱ्या रोगांचे गणित सुरू झाले ते माणसाच्या हिवतापापासून. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधून काढला आणि पुढच्या दीड दशकात त्याच्या प्रसाराची समीकरणेही मांडली. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५०च्या दशकात त्यांना बऱ्याच अंशी आजचे रूप दिले. पशुधनातील रोगांसाठी आपण हीच चौकट उचलून वापरतो. ती कुठवर चालते आणि कुठे अडते, हे पाहण्यासाठी मी आज रिफ्ट व्हॅली ज्वर हा एकच विषाणूजन्य रोग मुख्यतः समोर ठेवणार आहे, कारण डास, जनावरे, पाऊस आणि बाजार हे सगळे घटक त्यात एकमेकांत गुंतलेले आहेत.

या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन १९३१ मध्ये केनियातील नैवाशा सरोवराजवळच्या मेंढ्यांच्या साथीवरून झाले. गाभण मेंढ्या मोठ्या प्रमाणावर गाभ टाकतात आणि नुकतीच जन्मलेली कोकरे बहुतांश मरतात, ही त्याची ठळक खूण होय. प्रौढ गायीगुरांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी असते. माणसांना हा रोग डास चावूनही होतो, परंतु बहुतेक वेळा तो आजारी जनावराचे रक्त किंवा गाभ टाकताना बाहेर पडणारे द्रव हाताळल्याने होतो. म्हणजे जनावरांतील साथ ओळखायला झालेला उशीर थेट माणसांच्या जिवावर येतो.

प्रतिमानाचा, म्हणजे रोग कसा पसरतो हे गणितात मांडणाऱ्या आराखड्याचा, सांगाडा सोपा आहे. जनावरांचे चार गट करायचे : रोग होऊ शकणारी, विषाणू शरीरात शिरलेली पण अद्याप तो पसरवू न शकणारी, पसरवणारी, आणि बरी होऊन प्रतिकारक्षम झालेली. डासांचे तीनच गट पुरतात, कारण एकदा विषाणू लाळेपर्यंत पोहोचलेली मादी मरेपर्यंत तो बाळगते. एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा वेग ठरला की उरलेले काम संगणक करतो. खरी अडचण हे वेग ठरवण्यातच आहे, आणि त्यातले सगळे सारख्या तोलाचे नसतात.

डासांची संख्या निम्मी केली तर प्रसाराची क्षमता निम्मी होते. जनावराला चावण्याचा दर निम्मा केला तर ती एक चतुर्थांश होते, कारण विषाणू घ्यायला एक चावा लागतो आणि द्यायला दुसरा. पण याहून कितीतरी मोठा परिणाम डासाच्या आयुष्याचा असतो. समजा, मादीची एक दिवस जगण्याची शक्यता ०.९ आहे आणि विषाणू तिच्या लाळेत उतरायला १० दिवस लागतात. मग हा काळ पार करणाऱ्या माद्या सुमारे ३५ टक्के असतील आणि त्यानंतर त्यांना सरासरी साडेनऊ दिवसांचे आयुष्य मिळेल. हीच शक्यता ०.८ झाली तर तो टप्पा जेमतेम ११ टक्के माद्या गाठतील आणि पुढे साडेचार दिवसच जगतील. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून पाहा : प्रसाराची क्षमता जवळजवळ सातव्या हिश्शावर येते. आणि नेमकी हीच शक्यता शेतात मोजणे सर्वांत अवघड असते. पकडलेल्या माद्यांची अंडाशये तपासून त्यांनी एकदा तरी अंडी घातली आहेत का हे पाहतात, किंवा खुणा केलेले डास सोडून पुन्हा पकडतात; दोन्ही पद्धतींत बरेच काही गृहीत धरावे लागते. त्यात तापमान वाढले की विषाणूची वाढ झपाट्याने होते, पण एका मर्यादेनंतर डासही लवकर मरतात, त्यामुळे ‘उष्णता वाढली म्हणजे साथ वाढली’ हे सरळ विधान गणितात टिकत नाही. ज्या प्रतिमानात जगण्याच्या शक्यतेसाठी एकच ठाम आकडा लिहिलेला दिसतो आणि तो बदलला तर उत्तर किती बदलते याचा उल्लेखही नसतो, ते मी बाजूला ठेवतो.

कळपाच्या आकाराबद्दलही येथे वेगळा विचार करावा लागतो. संपर्काने पसरणाऱ्या रोगात दाटी वाढली की धोका वाढतो. डासाला मात्र रक्ताची गरज ठरावीकच असते. डास तेवढेच राहिले आणि जनावरे दुप्पट झाली, तर प्रत्येक जनावराच्या वाट्याला येणारे चावे निम्मे होतात, आणि गणिताप्रमाणे प्रसाराची क्षमताही निम्मी होते. अर्थात डास तेवढेच राहतात हे गृहीतच शंकास्पद आहे, कारण भरपूर रक्त मिळाले की अंडीही भरपूर पडतात. शिवाय प्रत्येक प्राणी विषाणू पुढे देतोच असे नाही : वेस्ट नाईल या डासांमार्फत पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगात घोडा गंभीर आजारी पडतो, पण त्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण डासाला बाधित करण्याइतके वाढत नाही, म्हणून प्रतिमानात घोड्याकडे येणारा बाण असतो, निघणारा नसतो.

आता रिफ्ट व्हॅली ज्वराच्या मुख्य कोड्याकडे वळू. पूर्व आफ्रिकेत हा रोग अनेक वर्षे जवळजवळ दिसेनासा होतो आणि अतिवृष्टीनंतर एकाएकी मोठ्या प्रदेशात उसळतो. मधल्या काळात विषाणू कुठे असतो? याचे एक उत्तर डांबो नावाच्या उथळ, गवताळ खोलगटांत सापडते. तिथे काही एडिस जातींचे डास ओल्या चिखलात अंडी घालतात. ती कोरड्या मातीत दीर्घकाळ तग धरतात, आणि त्यांतील काहींत मादीकडून आलेला विषाणू असतो. खोलगट पाण्याने भरला की थोड्याच दिवसांत हे डास बाहेर पडतात आणि आसपास चरणाऱ्या जनावरांना बाधित करतात. पाणी काही आठवडे टिकले तर तिथे क्युलेक्स डासांची पैदास वाढते आणि ते ठिणगीचा वणवा करतात. क्युलेक्सची अंडी कोरडेपणा सोसत नाहीत. त्यामुळे पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा पाणी किती आठवडे साचून राहिले हे प्रतिमानात शिरणे अधिक महत्त्वाचे ठरते.

अंडी तग धरतात तो एक कालावधी; दुसरा कालावधी कळपाच्या प्रतिकारशक्तीचा. एकदा रोग होऊन गेलेले जनावर पुढे दीर्घकाळ सुरक्षित असते, पण कळप बदलत राहतो. साथीनंतर ७० टक्के जनावरे प्रतिकारक्षम आहेत आणि दरवर्षी पाचवा हिस्सा नव्या जनावरांनी भरला जातो असे धरले, तर चार वर्षांत प्रतिकारक्षम जनावरांचे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास येते. मेंढ्याशेळ्यांत हा बदल गायींपेक्षा वेगाने होतो. कोरडी वर्षे लांबली की जमिनीत अंडी तशीच राहतात आणि वर कळप नव्याने बाधित होण्याजोगा बनत जातो.

पावसाचा संबंध इतका घट्ट असल्यामुळे येथे आधीच इशारा देणे शक्य झाले. १९९७-९८ च्या मोठ्या साथीनंतर, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, प्रशांत आणि हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान आणि उपग्रहांनी टिपलेली वनस्पतींची हिरवाई एकत्र पाहिली, तर पूर्व आफ्रिकेतील साथीचा अंदाज पाच महिने आधीपर्यंत करता येऊ शकतो. २००६ च्या अखेरीस असा इशारा प्रत्यक्षात दिला गेला आणि तो खरा ठरला. तरीही लसीकरणाची मोहीम साथ उघड झाल्यावरच जोर धरू शकली.

हे प्रतिमान दुसरीकडे जसेच्या तसे लावता येत नाही. १९७७ मध्ये इजिप्तमध्ये जी साथ आली ती पावसावर नव्हे, तर सिंचनाच्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांवर पोसली गेली. २००० मध्ये सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये हा रोग आफ्रिकेबाहेर प्रथमच दिसला, आणि तिथे तो पोहोचला असावा जनावरांच्या व्यापारातून. डास काही किलोमीटर उडेल; ट्रकमधील किंवा जहाजावरील बाधित मेंढी एका आठवड्यात समुद्र ओलांडेल. म्हणून आजची बरीच प्रतिमाने गावे, चराऊ प्रदेश आणि जनावरांचे बाजार यांचे जाळे मांडून त्यावरून कळपांची ये-जा चालवतात. या ये-जाच्या नोंदी अनेक ठिकाणी अपुऱ्या असतात, आणि निर्यातबंदीच्या भीतीने रोगाची नोंदही दडपली जाते. १९९८ आणि २००० मध्ये आखाती देशांनी घातलेल्या आयातबंदीने सोमालियासारख्या देशांतील पशुपालकांना मोठा फटका बसला. एवढी किंमत मोजावी लागत असेल तर गाभ टाकलेल्या मेंढीची खबर कोण देईल?

नोंदींचा हा अपुरेपणा गणितालाही फसवतो. प्रसार मंद आणि नोंद चोख, किंवा प्रसार वेगवान आणि नोंद तुटपुंजी : दोन्ही स्थितींतून जवळजवळ सारखाच आलेख निघू शकतो. साथीनंतर जनावरांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रथिने, तपासली, तर किती जनावरांना खरोखर लागण झाली हे कळते आणि या दोन शक्यता वेगळ्या करता येतात. ज्यांच्या हाती संशोधनाचा निधी आहे, त्यांनी आणखी एक समीकरण मांडण्याऐवजी ही तपासणी करावी, असे मला वाटते.

शेवटचा मुद्दा इशाऱ्याचे करायचे काय, हा. साथ सुरू झाल्यावर लस टोचत फिरण्यात एक मोठा धोका आहे : एकच सुई अनेक जनावरांना वापरली गेली तर ती सुईच विषाणू पसरवते. जुन्या जिवंत लशीमुळे तर गाभण जनावरे गाभ टाकू शकतात. त्यामुळे लसीकरण पुराच्या आधीच उरकायला हवे, म्हणजे साथ येणारच अशी खात्री होण्यापूर्वी. साथीची शक्यता ४० टक्के आहे असे प्रतिमानाने सांगितले, तर निर्णय त्या ४० आकड्यावर नव्हे, तर लसीचा खर्च साथीच्या नुकसानीच्या तुलनेत किती, यावर घ्यायचा असतो. खर्च नुकसानीच्या दहाव्या हिश्शाइतका असेल, तर ४० टक्के शक्यता पुरेशी आहे, किंबहुना ११ टक्केही पुरेशी ठरेल. यात अनेकदा पाऊस हुकेल आणि साथ येणार नाही. त्या वर्षी टोचलेली लस मात्र पूर्णपणे वाया जात नाही, कारण लशीने मिळालेले संरक्षण पुढच्या वर्षीही बऱ्याच अंशी टिकते आणि कळप जितक्या वेगाने बदलेल तितक्याच वेगाने ओसरते. खोट्या ठरलेल्या इशाऱ्याचा खर्च मोजताना ही शिल्लक वजा केली पाहिजे. बहुतेक हिशेबांत ती वजा केलेली नसते.