मुठेच्या गाळातले ०.४२ व्होल्ट

ही बरणी नीट बघा. लोणच्याचीच आहे. तळाला चार बोटं काळा गाळ, वर पाणी. गाळ मुठेतला, भिडे पुलाच्या खालच्या अंगाचा. काढला त्या दिवशी हाताला लागलेला सडक्या अंड्यांचा वास दोन दिवस गेला नव्हता. त्या गाळात ग्रॅफाइट फेल्टचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या नमद्यासारख्या कापडाचा, तळहाताएवढा तुकडा पुरलाय, दुसरा वर हवेला लागून तरंगतोय. दोन्हींच्या तारा बाहेर काढून मध्ये हजार ओहमचा रेझिस्टर लावलाय. पहिले चार दिवस मीटर शून्यापाशीच घुटमळत होता. पाचव्या दिवशी चढायला लागला. आज तीन आठवडे झाले, आकडा आहे ०.४२ व्होल्ट. यात सेल नाही, रसायन घातलेलं नाही. ही वीज गाळातल्या जिवाणूंची.

आपण भाकरी खातो, तिच्यातले इलेक्ट्रॉन शेवटी प्राणवायूच्या पदरात टाकतो आणि त्या व्यवहारातून जगण्याची ऊर्जा मिळवतो. गाळाच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथले काही जिवाणू इलेक्ट्रॉन लोखंडाच्या गंजाला देतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लवली यांना १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात असा जिवाणू सापडला. पुढे त्याच्या कुळाला जिओबॅक्टर हे नाव मिळालं. गंजाऐवजी ग्रॅफाइट पुढे केलं तर तो त्यालाही इलेक्ट्रॉन देतो. ते तारेतून वर येतात, प्राणवायूला भेटतात आणि त्यातून पाणी तयार होतं. एवढाच हा सूक्ष्मजीव इंधनघट.

पण पेशीच्या आतला इलेक्ट्रॉन बाहेर येतो कसा? जिओबॅक्टरच्या अंगातून केसासारखे बारीक धागे निघतात. येल विद्यापीठात निखिल मालवणकर यांच्या गटाने २०१९ मध्ये त्यांची रचना दाखवली. प्रथिनाच्या धाग्यात हीमचे रेणू एकाला एक लागून ओवलेले आहेत. हीम म्हणजे आपलं रक्त लाल करणारा, लोखंड पोटात धरून बसलेला रेणू. मुठेच्या चिखलात कुणीतरी त्याची तार ओढलेली आहे, हे मला आजही थक्क करतं.

कल्पना मात्र जुनी. डरहॅमच्या पॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९११ सालीच यीस्टपासून वीज मोजली होती. सांडपाण्यावर खरं लक्ष गेलं ते २००४ च्या सुमारास, पेन स्टेट विद्यापीठात ब्रूस लोगन यांच्या प्रयोगशाळेने घरगुती सांडपाणी साफ होता होता वीज देतं हे दाखवलं तेव्हा.

मग पुण्याचे दिवे यावर लागतील का? हिशेब मांडू. हजार लिटर सांडपाण्यात ४०० ग्रॅम सीओडी (म्हणजे त्यातली घाण पुरती जाळायला लागणारा प्राणवायू) धरा. त्या घाणीत कोंडलेली ऊर्जा दीड युनिटाच्या आसपास. घट ०.४ व्होल्टवर चालला आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही, तरी हाती येतं अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. प्रत्यक्षात बरेच इलेक्ट्रॉन दुसरेच जिवाणू पळवतात. चौथा हिस्सा तारेपर्यंत पोचला तर युनिटाचा आठवा भाग. रस्त्यावरचे दिवे विसरा.

तरीही मी यामागे लागले आहे, कारण दुसरी बाजू मोठी आहे. मैलाशुद्धीकरण केंद्राच्या ब्लोअर रूममध्ये कधी उभे राहिलात तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. टाकीतल्या जिवाणूंना हवा पुरवायला ती यंत्रं दिवसरात्र चालतात आणि केंद्राची साधारण अर्धी वीज तिथेच जाते. ही पद्धत १९१४ ची, मँचेस्टरची. मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका या सहकार्य संस्थेच्या कर्जावर आखलेल्या योजनेत ११ केंद्रं आहेत, रोज ३९६ दशलक्ष लिटरची. तिथेही हवेशिवाय भागत नाही. इंधनघटात मैल्याच्या बाजूला हवा फुंकावी लागत नाही. शिवाय ऊर्जेचा वाटा तारेत गेल्यामुळे जिवाणू कमी वाढतात, म्हणजे उपसून वाळवायचा गाळही कमी. मिळेल त्या विजेपेक्षा वाचेल ती वीज माझ्या लेखी महत्त्वाची.

अडतं कुठे ते या बरणीनेच शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही 'बिचाऱ्यांना खायला मिळू दे' म्हणून वाटीभर भाताची पेज ओतली. सकाळी आकडा ०.१ वर. पेज वरच्या पाण्यातच राहिली, तिथल्या जिवाणूंनी ती खाल्ली आणि पाण्यातला प्राणवायू संपवला. वरचं फेल्ट उपाशी पडलं. सावरायला चार दिवस लागले. खाणं खाली आणि हवा वर, ही फारकत बरणीत गाळ आपोआप राखतो. वाहत्या मैल्याच्या टाकीत ती राखायची म्हणजे कॅथोडची (बरणीतल्या वरच्या फेल्टचं काम करणाऱ्या टोकाची) एक बाजू ओली आणि दुसरी हवेला उघडी हवी. ओल्या बाजूवर लवकरच जिवाणूंचा चिकट थर आणि क्षार बसतात. प्लॅटिनम लावलं तर काम वेगाने होतं, पण ते परवडणार कुणाला? घट एकामागे एक जोडून व्होल्ट वाढवायला जावं, तर एखादा मागे पडलेला घट उलटा फिरतो आणि बाकीच्यांची वीज गिळतो. म्हणून सध्या आम्ही प्रत्येक घटाचा रेझिस्टर वेगळा ठेवतो, आणि प्लॅटिनमऐवजी नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा वापरून बघतो आहोत.

कोळशाच्या दोन बरण्या मागच्या टेबलावर आहेत. प्रश्न झाले की जवळ जाऊन बघा. वास झाकणाखाली आहे. फक्त वरचं फेल्ट बोटाने हलवू नका, आकडा लगेच पडतो.