चितळाचा पाय बकरीच्या हिशेबाने वाचू नका

(इंदूर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

लंगडणाऱ्या चितळाचा एक्स-रे समोर येतो तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गाय असते, बकरी असते, नाही तर माणूस. चूक तिथूनच सुरू होते. त्या त्या जातीच्या निरोगी सांध्याची चित्रं हाताशी नसली, तर जन्मजात रचनाच आजार म्हणून नोंदली जाते.

मागच्या पायाचा घोटा घ्या. माणसाच्या घोट्यात सात हाडं असतात, हरणाच्या पाच. मधली काही एकमेकांत जुळलेली असतात. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक लांब हाड हरणात जवळजवळ नाहीच. त्याचं फक्त खालचं टोक उरतं, सुट्ट्या लहानशा हाडाच्या रूपात, घोट्याच्या बाहेरच्या कडेला. घोडा किंवा माणूस पाहायची सवय असलेला डॉक्टर त्याला हमखास तुटलेला तुकडा म्हणतो. ओळखायचं कसं? त्याची कड चहूबाजूंनी गुळगुळीत असते, सभोवती सूज नसते आणि दुसऱ्या पायातही ते त्याच जागी दिसतं. म्हणून एक्स-रे नेहमी दोन्ही पायांचा काढावा.

भेकराच्या घोट्यात तर आणखी दोन हाडं एक झालेली असतात. ती सांधा आखडल्याची खूण समजली जाते. आखडलेल्या सांध्याच्या कडांना नवं, खडबडीत हाड वाढलेलं असतं. भेकरात तसं काही नसतं. तिथे हाडाच्या आतली बारीक जाळी एका भागातून दुसऱ्यात सलग जाते, दोन्ही पायांत सारखीच.

निरोगी सांध्यांची अशी चित्रं जमवायची तर अभ्यास मृत जनावरांवरच करावा. जिवंत हरीण धरपकडीच्या ताणानेच दगावू शकतं. केवळ रचना पाहण्यासाठी तो धोका पत्करण्याजोगा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३९प्रमाणे मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता असतो, त्यामुळे पंचनामा आणि लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. हातमोजे घालायचेच, क्षय आणि ब्रुसेला (जिवाणूंमुळे होणारा तापाचा आजार) हरणांतूनही माणसाला होतात.

पाय कापताना गुडघा हवा असेल तर मांडीच्या हाडाच्या मध्यावर किंवा त्याहून वर कापा. सांध्याची पिशवी उघडली की आत हवा शिरते. सीटीत ती काळी दिसते, पण एमआरआयमध्ये आहे त्याहून मोठा काळा डाग पाडते आणि गुडघ्यातली गादी फाटल्याचा भास होतो. कुजण्यातल्या वायूनेही हेच होतं. लगेच स्कॅन जमणार नसेल तर पाय दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून उणे २० अंशांवर ठेवा. डावा-उजवा लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकची असू द्या, तारेची नको.

एमआरआयआधी साधा एक्स-रे काढायचाच. जंगलातल्या जनावराच्या पायात फाशाची तार किंवा छर्रा निघू शकतो. लोखंड असेल तर एमआरआय रद्द. शिशाचा छर्रा सीटीत चांदणीसारखे पट्टे पाडून सगळं झाकतो. यंत्र बहुधा माणसांच्या दवाखान्यातलंच मिळतं, म्हणून पाय बांधलेल्या प्लास्टिकमधून एक थेंबही गळता कामा नये.

सीटीत हाडं पाहायची. १२० किलोव्होल्ट, एक मिलिमीटरहून पातळ काप आणि हाडांच्या कडा ठळक करणारी चित्राची पुनर्रचना, एवढ्याने काम भागतं. गाद्या, लिगामेंट आणि कूर्चा मात्र एमआरआयमध्येच नीट दिसतात, आणि घोटाळेही तिथेच जास्त होतात. पहिला तापमानाचा. फ्रीजमधून काढलेला पाय तसाच यंत्रात घातला तर थंड ऊती वेगळा संकेत देतात, आणि चरबीचा संकेत दाबण्याचा क्रम (म्हणजे एमआरआयची चित्र घेण्याची ठरावीक पद्धत) शरीराच्या तापमानाला धरून बसवलेला असल्यामुळे चरबी दबतच नाही. ती उजळ राहिली की हाडात सूज आहे असं वाटतं. गोठलेला पाय आधी चार अंशांवर पूर्ण सुटू द्यावा, मग खोलीच्या तापमानाला आणावा. बाहेरून मऊ लागला म्हणजे आतून सुटला असं नाही. मांडीचा जाड भाग सर्वांत शेवटी सुटतो.

दुसरा घोटाळा कोनाचा. चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांत आलेली निरोगी कंडरा काही क्रमांत उजळ, म्हणजे दुखावल्यासारखी दिसते. शंका आली तर पायाचा कोन बदलून पुन्हा स्कॅन घ्या, किंवा प्रतिध्वनीचा काळ (एको टाइम, म्हणजे संकेत टिपण्याआधी यंत्र थांबतं तो वेळ) वाढवा. खरी इजा तरीही उजळच राहते. दर वेळी फोमच्या ठोकळ्यांनी सांधा एकाच कोनात ठेवला तरच दोन जनावरांची तुलना करता येते.

स्कॅन झाला की पाय त्याच कोनात पुन्हा गोठवायचा आणि बँड सॉने स्कॅनच्याच प्रतलात सुमारे अर्ध्या सेंटिमीटरचे काप काढायचे. करवतीचा भुसा थंड पाण्याने धुवायचा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचा आणि प्रत्येक काप त्याच्या चित्राशी ताडून पाहायचा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळली तर चित्रावर लिहिलेली नावं निव्वळ अंदाज ठरतात.

आपल्या मध्य प्रदेशाच्या बारशिंग्याबाबत हे काम फार तातडीचं वाटतं. कठीण जमिनीवरचा हा बारशिंगा १९७०मध्ये कान्ह्यात अवघा ६६वर आला होता. आज तो सावरला आहे, तरी अभ्यासाला मृत जनावर क्वचितच मिळणार. दलदलीतल्या त्याच्या भाईबंदांचे खूर फाकतात, याचे तसे नाहीत. हा फरक खुरापुरताच आहे की वरच्या सांध्यांतही उतरला आहे, हे पाहायचं तर हाती आलेला एकही पाय नुसता पुरून टाकणं परवडणारं नाही.

प्रत्येक स्कॅनसोबत जात, लिंग, दातांवरून काढलेलं वय, वजन, बाजू, मृत्यूनंतरचे तास, गोठवलं होतं का आणि स्कॅनच्या वेळचं तापमान लिहा. वय विसरू नका: कोवळ्या जनावराच्या हाडाच्या टोकाजवळची वाढीची रेघ न भरलेली असते, आणि वय माहीत नसलेला वाचक तिलाही फ्रॅक्चर म्हणतो.