धाप लागते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. जुनाट आजाराच्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं काम. आज बोलायचं आहे ते धापेविषयी.

सातारा जिल्ह्यातल्या एका आजींकडे मी वर्षभर जात होते. बिडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन काढलेली. त्या धुरानं फुफ्फुसं खराब झाली. डॉक्टरांच्या कागदावर सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार; घरच्यांच्या तोंडी दमा. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या खाटेच्या कडेला वाकून बसल्या होत्या. मांडीवर दोन उश्या, उश्यांवर कोपरं, खांदे कानाशी आलेले. म्हणाल्या, "बाई, अंघोळच नको वाटती. डोक्यावर पाणी घेतलं की जीव जातोय असं होतं."

मुलानं मला बाहेर नेऊन हळूच विचारलं, "सिस्टर, डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर सांगितलीय. म्हणजे आता संपलंच ना?"

नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे परिहार सेवा, आजाराचा त्रास हलका करणारी. हा प्रश्न मला घरोघरी विचारतात, आणि दर वेळी वाईट वाटतं. 1986 साली मुंबईत ही सेवा देणारं शांती अवेदना सदन सुरू झालं ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी. तेव्हापासून ही सेवा म्हणजे कॅन्सर आणि शेवटचे दिवस, असंच लोकांच्या मनात बसलंय. सीओपीडीचा माणूस मात्र वर्षानुवर्षं झिजतो. धापेचा अटॅक येतो, दवाखाना होतो, घरी येतो, आधीपेक्षा थोडा खचलेला. शेवट कधी ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या त्रासाकडे बघायचं राहूनच जातं. परिहार सेवा ही श्वासाचा पंप (इनहेलर) आणि औषधं चालू ठेवूनच द्यायची असते, आणि लवकर.

आजींना पहिल्या दिवशी मी दिला हातपंखा. गाल आणि नाकाजवळ गार वारा लागला की मेंदूला जाणवणारी धाप कमी होते. शरीरातला ऑक्सिजन पुरेसा असूनही दम लागत असेल, तर ऑक्सिजनच्या नळीपेक्षा हा पंखा बरा. श्वास नाकानं घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, कोमट पाणी, डोकं वेगळ्या दिवशी धुवायचं. पंधरा दिवसांनी त्या स्वतःहून म्हणाल्या, "आज न्हाले."

एवढ्यानंही दम आवरला नाही, तर काही रुग्णांना डॉक्टर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन अगदी थोड्या मात्रेत देतात. सगळ्यांना त्याचा उपयोग होतो असं नाही, आणि बद्धकोष्ठता होते, म्हणून देखरेख हवीच. आपल्या मनानं कुणी घेऊ नये.

ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे त्यांना हात जोडून सांगते: नळी लावलेली असताना निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, बिडी, काहीही जवळ नको. ऑक्सिजनमध्ये आग भडकते.

रात्रीची भीती हा तर वेगळाच विषय. आजी दिवा मालवू देत नसत. झोपेतच श्वास थांबेल असं त्यांना वाटे. सुनेनं खाट आपल्या खोलीत घेतली, उशाशी घंटी ठेवली. घंटी फारशी वाजलीच नाही.

आणि एक अवघड बोलणं. व्हेंटिलेटर हवा की नको, हे माणूस शुद्धीत असतानाच विचारावं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली. 2023 मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. मी आजींना विचारलं तेव्हा मुलगा उठून जायला लागला. त्यांनीच त्याला हाताला धरून बसवलं. "मला मशीनला लावू नका रे. ओट्यावर खाट टाका, समोरचा आंबा दिसला पाहिजे."

त्यानं मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा खाट ओट्यावर होती, आणि आजींच्या हातात पंखा.