रूळ ओलांडताना डोळा फसतो

वडाळा स्टेशन, हार्बर लाईन. संध्याकाळची गर्दी, पूल आहे, रूळ ओलांडू नका म्हणून अनाउन्समेंट पण चालू आहे, तरी लोक खाली उतरतातच. आपण लगेच म्हणून मोकळे होतो की लोकांना जिवाची पर्वा नाही. मला हे अजिबात पटत नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, पण दंडाने डोळ्याला नीट दिसायला लागत नाही ना.

हर्शेल लिबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली लेव्हल क्रॉसिंगच्या अपघातांबद्दल लिहिलं होतं, की वस्तू जितकी मोठी तितकी ती आपल्याला हळू येतेय असं वाटतं. लोकल समोरून येते तेव्हा तिचं फक्त तोंड दिसतं, लांब असताना ते जेमतेम मोठं होतं आणि शेवटच्या दोन-चार सेकंदात एकदम अंगावर येतं. त्यामुळे "अजून टाईम आहे" म्हणणाऱ्याला खरंच तसं दिसत असतं. त्यात काल वाचलो, परवा वाचलो, मग आज काय होणार, हा भरवसा रोज वाढतच जातो.

मुंबईतल्याच फायनलमाईल या कंपनीने २०१० च्या सुमारास रेल्वेबरोबर वडाळ्याला नेमकं यावरच काम केलं. रुळांखालचे काही स्लीपर, म्हणजे आडवे पट्टे, पिवळे रंगवले, गाडी एकेक पट्टा झाकत येते तेव्हा तिचा स्पीड डोळ्याला पकडता येतो, किती साधी गोष्ट! एका लांबलचक हॉर्नऐवजी दोन छोटे हॉर्न, मध्ये गॅप, कारण सलग आवाज गोंगाटात विरून जातो आणि थांबून परत आलेल्या आवाजाने माणूस वळून बघतो. आणि जिथून लोक रुळावर उतरतात तिथेच फोटो लावले, गाडी अंगावर येताना घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे, अगदी जवळून घेतलेले. सूचना लोक वाचत नाहीत, पण तसला चेहरा टाळता येत नाही.

पुढच्या काही महिन्यांत तिथले मृत्यू कमी झाले. एकाच स्टेशनवरचा प्रयोग आहे, त्यावरून सगळ्या लाईनचं गणित मांडू नये. आणि जिथे पूलच लांब आहे, जिने चढून म्हाताऱ्या माणसांचे गुडघे जातात, तिथे पिवळा रंग कितीही लावा, पूल जवळ आणावाच लागेल, सरकते जिने द्यावेच लागतील.